चारशे सतरा नंबरच्या घराची प्रगती

सुतारकाकांची बायको गेली हे वाढ-संशोधन केंद्राला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी केंद्रात चहाबरोबर बिस्किटं मागवण्यात आली. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. माणूस गेल्याचं केंद्राला कळलंच नव्हतं. आकडा वर गेल्याचं कळलं होतं.

केंद्र बावीस वर्षं एकाच प्रश्नाचा अभ्यास करत होतं. टेकडीवरची वस्ती श्रीमंत, खालची वस्ती गरीब. तर खालची वस्ती वरचीला कधी गाठेल, आणि गाठलंच तर कशामुळे? पुस्तकांप्रमाणे हे आपोआप व्हायला हवं होतं. जो मागे असतो त्याला पुढे पळायला जागा जास्त असते, म्हणून तो जास्त वेगाने पळतो आणि पुढच्याला गाठतो. याला केंद्रात अभिसरण म्हणत. सिद्धान्त पक्का होता. फक्त खालच्या वस्तीने तो वाचलेला नव्हता.

म्हणून केंद्राने दोन्ही वस्त्यांतली पाचशे-पाचशे घरं निवडली आणि दर वर्षी त्याच घरांना तेच प्रश्न विचारायला घेतले. आलेल्या उत्तरांना एकेक कारण लावून पाहिलं. शाळेचं अंतर लावलं, रस्त्याची रुंदी लावली, बँकेच्या पायऱ्या मोजून लावल्या. एकदा पाऊसही लावून पाहिला, पण तो दोन्ही वस्त्यांवर सारखाच पडत असल्याने नाइलाज झाला. बावीस वर्षांत टेकडी आणखी वर गेली आणि केंद्राची इमारत तीन मजली झाली, याखेरीज वाढ कुठे दिसली नव्हती.

आणि त्या दिवशी घर क्रमांक चारशे सतराचं दरडोई उत्पन्न एका वर्षात दुप्पट झाल्याचं निघालं.

"चूक तर नाही ना?" संचालकांनी चष्मा पुसत विचारलं.

"तीनदा तपासलं, साहेब," प्रगणकबाई म्हणाल्या. त्या घरी फॉर्म घेऊन अकरा वर्षं त्याच जात होत्या. "पण साहेब, त्या घरात यंदा..."

"कारण नंतर. आधी वेग सांगा. या वेगाने ते घर टेकडीला कधी गाठेल?"

"पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी टेकडी मागे पडेल."

तेव्हा बिस्किटं मागवली. किरकोळ खर्चात बिस्किटं बसत नाहीत, म्हणून ती 'निष्कर्षोत्तर खर्च' या शीर्षाखाली बसवली.

प्रगणकबाईंना सांगायचं होतं ते साधं होतं. त्या घरात गेल्या वर्षी माणसं दोन होती, यंदा एक आहे, आणि मिळकत तेवढीच आहे. पण हा झाला भागाकार, आणि भागाकार चौथीच्या मुलांनाही येतो. त्यावर कुणी परिषद भरवत नाही. संचालकांनी कारणाचा शोध प्रत्यक्ष जागेवर घ्यायचं ठरवलं.

सुतारकाकांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काम चालायचं आणि मागच्या खोलीत संसार. संचालक, प्रगणकबाई आणि एक फोटोग्राफर आत आले तेव्हा काका एका दाराच्या फळीवर रंधा मारत होते. रंध्यातून निघालेले कपचे त्यांच्या चपलांवर साठले होते. पूर्वी दर तासाला कुणीतरी ते झाडून न्यायचं. कोण, हे काकांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, चार महिन्यांपूर्वी झाडणं बंद पडेपर्यंत.

"अभिनंदन," संचालक म्हणाले.

"कशाचं?"

"तुमच्या वाढीचं. या वर्षात तुम्ही नेमकं काय केलं, ते आम्हाला समजून घ्यायचंय. नवीन यंत्र आणलं?"

"रंधा वडिलांचा आहे."

"काही प्रशिक्षण? कर्ज? मोठ्या बाजारात माल पाठवलात?"

"मी काही केलं नाही," काका म्हणाले. "बायको गेली."

"कुठे?"

प्रगणकबाईंनी छताकडे पाहिलं. काकांनी रंधा खाली ठेवला. "गेली म्हणजे गेली, साहेब. चार महिने झाले."

संचालक दोन मिनिटं शांत उभे राहिले. ते खरोखर भले गृहस्थ होते. मग त्यांनी हळूच वही उघडली आणि लिहिलं, 'कुटुंबाच्या रचनेत मूलभूत बदल.'

"आणि आता तुमचं कसं चालतं?"

काकांनी सांगितलं. जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीतून येतं. कपडे धोबी नेतो. सदऱ्याचं बटण तुटलं की शिवणवाल्याकडे जावं लागतं, आणि तो एका बटणासाठी दोनदा फेऱ्या मारायला लावतो. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना दुपारी औषध द्यायला काकू जायची, तिथे आता पगारी नर्स येते. गल्लीत नळावर रोज भांडण व्हायचं, ते काकू मिटवायची. तिची पद्धत अशी होती की दोघींना एकेक कामाला लावायचं आणि कामाला लागलेलं माणूस भांडत नाही. आता नळावरून कोर्टात तीन दावे चालू होते.

संचालकांची पेन्सिल थांबेना. खानावळ वाढली, धोबी वाढला, शिवणवाला वाढला, नर्सला नोकरी लागली, आणि वकिलांचं तर विचारूच नका. एका गल्लीचं उत्पन्न चार महिन्यांत नऊ टक्क्यांनी चढलं होतं. बावीस वर्षं जे शाळेने, रस्त्याने आणि बँकेच्या पायऱ्यांनी जमलं नाही, ते एका बाईने निव्वळ अनुपस्थित राहून करून दाखवलं होतं.

"जेवण कसं असतं खानावळीचं?" जाताना संचालकांनी सहज विचारलं.

"वाईट."

"हरकत नाही. चव आपल्या प्रश्नावलीत नाही."

आठवड्याभरात काकांच्या दारावर पितळी पाटी लागली: 'सर्वाधिक वेगाने वाढणारं घर.' ठोकणाऱ्याने ती वाकडी ठोकली होती. काकांनी ओळंबा धरून ती सरळ केली. या कामाचे त्यांनी पैसे मागितले नाहीत, त्यामुळे वस्तीची वाढ तेवढ्यापुरती बुडाली.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं. पण मग ताई आली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. शाळेत शिपाई म्हणून बत्तीस वर्षं घंटा वाजवून निवृत्त झालेली. तिने फोनवर भावाचा आवाज ऐकला, एक ट्रंक भरली, आणि न विचारता येऊन उभी राहिली. पाटी वाचली. मग भावाकडे पाहिलं.

"वाढ झालीये होय तुझी? हाडं मोजून घ्यावीत अशी दशा झाली आहे, बाळ्या."

दुसऱ्याच दिवशी केंद्राची जीप दारात. संचालकांचा चेहरा उतरलेला होता. परिषदेला तीन आठवडे उरले होते आणि त्यांच्या आघाडीच्या घरात माणसं पुन्हा दोन झाली होती. दरडोई उत्पन्न एका ट्रंकेसरशी निम्म्यावर.

"आपण इथे पाहुण्या आहात की सभासद?" त्यांनी फॉर्म पुढे करून विचारलं.

"मी बहीण आहे."

"बहीण हा पर्याय नाही. पाहुण्या असाल तर तीन आठवड्यांत परत जायचं असतं."

"आणि सभासद असले तर?"

"तर काहीतरी कमवायला लागेल."

"मी सकाळपासून ओटा घासला, डबे उन्हात घातले, याला पोटभर जेवायला घातलं," ताई म्हणाली. "चार महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्याने."

संचालकांनी डोळे मिटून घेतले. खानावळीचं एक गिऱ्हाईक तुटलं होतं. "ताई, एक विनंती. तुम्ही भावाला वाढता, त्याचे पैसे घेऊन पावती द्याल का?"

ताईने हातातलं फडकं खाली ठेवलं. बत्तीस वर्षं मास्तरांची बोलणी ऐकलेली बाई होती ती, तिला राग लवकर येत नसे. "भावाला जेवायला वाढून पावती फाडू? बरं. मग असं करते, साहेब. माझा स्वयंपाक शेजारीण करील आणि शेजारणीचा मी करीन. मी तिला पैसे देईन, ती मला देईल. पैसे जिथले तिथे. दोन्ही घरांची प्रगती."

तिने हे थट्टेने म्हटलं होतं. पण संचालक खुर्चीवरून उठले, तिला वाकून नमस्कार केला, आणि जीप न थांबता केंद्रात गेली.

पुढच्या सोमवारी परस्पर स्वयंपाक योजना सुरू झाली. खालच्या वस्तीतली प्रत्येक बाई दुसरीच्या घरी जाऊन तेच करू लागली जे ती काल स्वतःच्या घरी करत होती, आणि दोघी एकमेकींना पावत्या देऊ लागल्या. सकाळी सातला गल्लीत बायकांची अशी गर्दी उसळायची की नळावरचे तिन्ही दावेदार तिथेच अडकून पडत. दुधाचं भांडं कुठे, मीठ कुठे, यावरून घराघरांत रोज नवी शोधमोहीम निघायची. एका घरातल्या आजोबांना आठ दिवस दुसऱ्याच आजोबांचं पथ्याचं जेवण मिळालं. त्यांना ते आवडलं.

दोन आठवड्यांत खालच्या वस्तीने टेकडीला गाठलं. टेकडीवरचे लोक शिष्टमंडळ घेऊन केंद्रावर आले आणि आपण मागासलेले असल्याचं प्रमाणपत्र मागू लागले. त्यांच्याकडे मुळातच सगळ्या कामांना पगारी माणसं होती. एकमेकांकडे करण्यासारखं काम त्यांना येतच नव्हतं.

अभिसरण सिद्ध झालं. उरली होती एक सही.

परिषदेच्या आदल्या दिवशी संचालक आणि प्रगणकबाई चारशे सतरा नंबरचा, गेलं वर्ष आणि यंदा शेजारी शेजारी मांडलेला फॉर्म घेऊन आले. सगळ्या संशोधनाची सुरुवात त्या घरापासून, म्हणून 'वरील माहिती बरोबर आहे' याखाली काकांची सही हवी होती. पूर्वी काका सह्या काम करता करताच करायचे. या वेळी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि फॉर्म वाचायला घेतला. लाकडाचं माप वाचतात तसा, एकेका ओळीवर नख ठेवून. सातव्या रकान्याशी नख थांबलं.

रकाना सात: सभासद क्रमांक दोनचं काम. त्यापुढे लिहिलं होतं: 'काही करत नाही.'

"हे चुकलंय," काका म्हणाले.

"काय?"

"ती काही करत नव्हती असं लिहिलंय. बाकी सगळं बरोबर आहे. एवढं बदला, मी सही करतो."

संचालकांनी समजावणीचा सूर धरला. "काका, काम म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते."

"खानावळवाली करते ते काम?"

"ते काम."

"ताई घरात करते ते?"

"ते नाही."

"ताई शेजारच्या घरात करते ते?"

"ते काम. यातच तर आपलं यश आहे."

"मग माझी बायको एकतीस वर्षं चुकीच्या घरात राबली म्हणायची," काका म्हणाले. ते रागावलेले नव्हते. दाराचं माप चुकलं की ते जसे पुन्हा मोजतात, तसे बोलत होते. "साहेब, तुम्ही लिहा की ती काम करत होती. पाटी काढून न्या हवी तर."

"पाटीचं नाही हो. तिचं काम धरलं तर तुमचं गेल्या वर्षीचं उत्पन्न वाढतं. म्हणजे यंदाचं कमी होतं. म्हणजे तुमचं घर पुढे गेलंच नाही, सपाटून खाली आलं, असा अर्थ निघतो."

"बरोबर," काका म्हणाले. "तसंच झालंय."

ताई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, तिचे हात थांबले.

संचालकांनी शेवटी नियमाचा आधार घेतला. ज्याने माहिती दिली, त्यानेच ती बदलायची असते. सभासद क्रमांक दोनने आपल्या कामाची माहिती चुकीची दिली असेल, तर अर्जही तिनेच करायला हवा. ते आता होण्यासारखं नव्हतं, त्याबद्दल केंद्राला खेद होता.

"ही माहिती त्यांनी दिलेली नाही, साहेब," प्रगणकबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून आधीच्या अकरा वर्षांचे अकरा फॉर्म काढून रंध्याच्या शेजारी ठेवले. अकराही फॉर्मवर सातव्या रकान्यात तेच तीन शब्द होते आणि खाली काकांची सही होती.

"मी दर वर्षी विचारायचे, 'काकू काय करतात?' तुम्ही रंधा न थांबवता म्हणायचात, 'ती? काही करत नाही, घरीच असते.'"

काकांनी फॉर्म एकावर एक रचले, कडा जुळवल्या. "आणि ती काय म्हणायची?"

"त्या माझ्यासाठी चहा घेऊन उभ्या असायच्या. एका वर्षी म्हणाल्या, 'लिहा हो बाई पटकन, आत दूध उतू जातंय.'"

ताईला हसू आलं. मग काकांनाही आलं, कारण प्रगणकबाईंनी काढलेला आवाज अगदी तिचाच होता. मग ते खाली बसले आणि बराच वेळ पायातले कपचे गोळा करत राहिले.

"बाळ्या," ताई म्हणाली, "आमच्या शाळेत चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याला तेच उत्तर शंभरदा बरोबर लिहायला लावत. तू अकरादाच लिही."

काकांनी तिथल्या तिथे अकरा अर्ज लिहिले. केंद्राने ते स्वीकारले, पण नियमाप्रमाणे पुरावा मागितला. काम झालं होतं हे मोजता येईल अशा स्वरूपात दाखवायचं होतं. जेवण खाल्लेलं होतं, कपडे मळून पुन्हा धुतलेले होते, मिटवलेली भांडणं तर मिटूनच गेली होती. तिच्या कामाचं वैशिष्ट्यच असं की ते संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नसे.

मग काकांना स्टूल आठवलं.

काका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात फळी मारायचे तेव्हा त्यांची एक पद्धत होती. आधी घरच्या बाईला म्हणायचे, हात वर करा. तिचा तळवा जिथे पोचेल तिथे पेन्सिलीने खूण, आणि त्या खुणेवर फळी. खालच्या वस्तीतच काय, टेकडीवरसुद्धा त्यांच्या फळीला नाव ठेवणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या घरी मात्र लग्नानंतरच्या घाईत त्यांनी स्वतःच्याच हाताच्या मापाने फळी ठोकली होती. चहाचा डबा त्या फळीवर. एकतीस वर्षं ती स्टुलावर चढून डबा काढत होती आणि म्हणत होती, "अहो, ती फळी वीतभर खाली घ्या." आणि ते म्हणत होते, "घेतो."

स्टूल सागवानी होतं. मधोमध दोन पावलांचे खळगे पडले होते. काकांनी पट्टी लावून, इंचाला आठ सूत धरून मोजलं: उजवा पाऊण सूत, डावा अर्धं सूत. उजवा पाय आधी टाकायची ती. सागवान एवढं झिजायला किती वेळा चढावं-उतरावं लागतं याचा हिशेब त्यांनी अर्जाला जोडला, सकाळी स्टूल खांद्यावर घेतलं, आणि केंद्रात संचालकांच्या टेबलावर, परिषदेच्या हारतुऱ्यांच्या मधोमध, नेऊन ठेवलं.

"चहाचा डबा," काका म्हणाले. "एवढंच मोजता आलं. बाकीचं याच्यावरून धरा."

संचालकांनी खळग्यांवरून बोट फिरवलं. त्यांनी टेकडीवरच्या आपल्या घराचा फॉर्म गेल्याच महिन्यात भरला होता, त्यातला सातवा रकाना त्यांना त्या क्षणी आठवला असावा, कारण त्यांनी बोट चटकन मागे घेतलं. मग त्यांनी आवक नोंदवहीत लिहायला सांगितलं: 'स्टूल, जुनं, एक. तपासणीसाठी.' आणि ते काकांच्या सहीविनाच परिषदेला निघून गेले. तिथे अभिसरणावरचा त्यांचा निबंध फार वाखाणला गेला. स्टुलाचा उल्लेख तळटीपेत होता.

केंद्राची पुढची फेरी आता साऱ्या शहरात चालू आहे. प्रगणकबाई दारात उभ्या राहून सातवा प्रश्न विचारतात. आतापर्यंत सहाशे घरं झाली. सहाशेही घरांत उत्तर एकच मिळालं, आणि ते देणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी आणून दिलेला चहाचा कप होता. तुमचं घर यादीत आहे. तुम्ही हे वाचत बसला आहात तोवर आत कोण काय करत आहे, ते एकदा बघून ठेवा; बाई फार वेळ थांबत नाहीत.

अकरा अर्जांवर निर्णय झालेला नाही. तो होईपर्यंत पुरावा परत मिळत नाही, म्हणून स्टूल केंद्राच्या तळमजल्यावर कुलपात आहे. ताईचा हात चहाच्या डब्यापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी ती म्हणते, "बाळ्या, ती फळी," आणि काका उठून डबा काढून देतात.

फळी वीतभर खाली घ्यायची अजून राहिली आहे.